ओझोनचं भोक, एसीतला गॅस आणि नाशिकचं ऊन

एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे सरकला की नाशकात टपरीपासून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत एक निदान ठरलेलं असतं: ओझोनला भोक पडलंय, म्हणून एवढं तापतंय. ओझोनला भोक पडतं हे खरं, नाशिक तापतं हेही खरं. पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. भोक पडतं अंटार्क्टिकावर, साधारण ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत. तोवर आपला उन्हाळा कधीच सरलेला असतो आणि बागांमध्ये ऑक्टोबर छाटणीची घाई चाललेली असते.

तरी नाशिकचा त्या भोकाशी संबंध आहेच. तो आहे आउटडोअर युनिटच्या तांब्याच्या नळीत. "आर-बावीस आता मिळत नाही हो, मिळाला तरी महाग," असं एसीवाला सांगतो तेव्हा तो नकळत १९८७ सालच्या एका आंतरराष्ट्रीय कराराचा परिणाम सांगत असतो. हा गॅस का बंद होतोय, त्याच्या जागी आलेले गॅस कितपत निर्दोष आहेत आणि सर्व्हिसिंगमध्ये नेमकं कुठे चुकतं, हे कळायचं तर आधी थोडं रसायनशास्त्र लागेल. थोडंच.

## थर म्हणतात तो किती जाड?

ओझोन म्हणजे ऑक्सिजनच. आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनच्या रेणूत तीन. तिसऱ्या अणूची पकड सैल, त्यामुळे हा वायू चटकन मोडतो आणि समोर येईल त्याच्याशी अभिक्रिया करतो. वातावरणातला सुमारे ९० टक्के ओझोन स्थितांबरात असतो. ढग, पाऊस, वादळं ज्या खालच्या भागात घडतात ते तपांबर. त्याच्या वरचा कोरडा, शांत भाग म्हणजे स्थितांबर. नाशिकच्या डोक्यावर ते साधारण १६-१७ किलोमीटरच्या वर सुरू होतं.

"थर" म्हटलं की काहीतरी घट्ट पापुद्रा डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात जिथे ओझोनचं प्रमाण सर्वाधिक आहे तिथेही हवेच्या दहा लाख रेणूंमागे तो जेमतेम आठ-दहा रेणू असतो. डोक्यावरचा सगळा ओझोन जमिनीवर आणून ० अंश तापमानाला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला पसरला, तर त्याची जाडी भरेल सुमारे ३ मिलिमीटर. हीच मोजायची पद्धत आहे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला एक डॉबसन एकक म्हणतात, म्हणजे ३ मिलिमीटर झाले ३०० एकक. अंटार्क्टिकावर हा आकडा २२० च्या खाली गेला की त्याला भोक म्हणायचं. भोक म्हणजे आरपार रिकामी जागा नव्हे, विरळ झालेला प्रदेश.

आता आपल्याकडचा आकडा पाहिला तर अनेक जण दचकतात. महाराष्ट्रावर वर्षभर साधारण २५० ते २८० एकक ओझोन असतो. सायबेरियावर वसंतात तो ४०० च्या पुढे जातो. म्हणजे आपला ओझोन कुणी खाल्ला का? नाही. ओझोन सर्वात जास्त तयार होतो विषुववृत्ताच्या आसपासच, कारण तिथे ऊन तीव्र. पण स्थितांबरातले संथ प्रवाह तो ध्रुवांकडे वाहून नेतात आणि साठा तिकडे होतो. हा फरक माणूस येण्याच्या आधीपासूनचा आहे.

## मग एवढं ऊन लागतं ते कशामुळे?

सूर्याच्या कोनामुळे. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य वर्षातून दोनदा, २० मे आणि २३ जुलैच्या सुमारास, बरोबर डोक्यावर येतो. जुलैत ढग असतात, मेमध्ये नसतात. निरभ्र दुपारी अतिनील निर्देशांक ११ किंवा त्याहून वर जातो, म्हणजे "अतितीव्र" गटात, आणि हे सगळं ओझोन पूर्ण शाबूत असताना.

अतिनील किरणांचे तीन गट आहेत. सर्वात घातक ते अतिनील-सी. ते ऑक्सिजन आणि ओझोन मिळून वरच्या वर पूर्ण अडवतात. अतिनील-बी त्वचा भाजतात, डोळ्यांत मोतीबिंदूला हातभार लावतात. त्यांचा मोठा भाग ओझोन शोषतो. अतिनील-ए जवळपास तसेच खाली येतात, त्यांच्याशी ओझोनला फारसं देणंघेणं नाही. ओझोन १ टक्क्याने घटला की त्वचा भाजणारे किरण सव्वा टक्क्याच्या आसपास वाढतात. पण अंगाला जाणवणारी उष्णता येते दृश्य प्रकाशातून आणि अवरक्त किरणांतून. जमिनीवर पोचणाऱ्या सौरऊर्जेत अतिनीलचा वाटा पाचेक टक्के. तेव्हा ओझोन घटला तर त्वचेला धोका वाढेल, थर्मामीटरला ते कळणार नाही.

## ओझोन बनतो आणि मोडतो, एकाच वेळी

सिडनी चॅपमन या शास्त्रज्ञाने १९३० मध्ये याचा हिशेब मांडला. २४२ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा अतिनील किरण ऑक्सिजनच्या रेणूवर आदळतो, रेणू फुटून दोन सुटे अणू होतात. सुटा अणू दुसऱ्या ऑक्सिजन रेणूला चिकटतो, ओझोन झाला. हा ओझोन अतिनील-बी किंवा सी किरण शोषून पुन्हा फुटतो, आणि सुटलेला अणू बहुतेक वेळा लगेच दुसऱ्या ऑक्सिजनला चिकटून ओझोन परत तयार होतो. किरण अडवला गेला, ओझोन मात्र खर्ची पडला नाही. किरणाची ऊर्जा हवेची उष्णता बनून गेली. स्थितांबरात वर जाताना तापमान वाढत जातं ते यामुळेच. कधीमधी एखादा सुटा अणू थेट ओझोनवर आदळतो आणि त्यातून दोन साधे ऑक्सिजन रेणू होतात. एवढीच काय ती खरी घट.

चॅपमनच्या गणिताने ओझोन प्रत्यक्षापेक्षा जवळपास दुप्पट यायचा. म्हणजे निसर्गातच आणखी कुणीतरी ओझोन मोडत असणार. १९७० मध्ये पॉल क्रुट्झन यांनी दाखवलं की जमिनीतून निघणारा नायट्रस ऑक्साइड वर जाऊन नायट्रोजनची जी ऑक्साइडं बनवतो, ती हे काम करतात. याची आठवण ठेवा, शेवटी कांद्याच्या शेतात पुन्हा लागेल.

## क्लोरीन: न दमणारा अडत्या

१९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी सीएफसी वायूंवर बोट ठेवलं. सीएफसी म्हणजे क्लोरीन, फ्लोरीन आणि कार्बन यांचं संयुग. ते जळत नाही, विषारी नाही, पाण्यात विरघळत नाही; फ्रीज, एसी, स्प्रेचे डबे, फोम, सगळीकडे वापरलं जायचं. त्याचा हा निरुपद्रवी स्वभावच घातक ठरला. खाली त्याला काहीच तोडू शकत नाही, म्हणून ते सावकाश वर सरकत राहतं. सीएफसी-१२ वातावरणात शंभरेक वर्षं टिकतं. साधारण २५ किलोमीटरच्या वर पोचलं की तिथला तीव्र अतिनील प्रकाश त्याचा बंध तोडतो आणि क्लोरीनचा अणू मोकळा होतो.

हा अणू ओझोनचा एक ऑक्सिजन काढून घेतो आणि क्लोरीन मोनॉक्साइड होतो. मग एखादा सुटा ऑक्सिजन अणू येतो, तो हा ऑक्सिजन घेऊन जातो, क्लोरीन पुन्हा मोकळा. बाजार समितीतल्या अडत्यासारखं आहे हे: एकाकडून माल घ्यायचा, दुसऱ्याकडे द्यायचा, स्वतः काही खायचं नाही आणि पुढच्या गाडीला तयार राहायचं. अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. क्लोरीनचा एक अणू बाजूला पडण्याआधी हजारो, कधी लाखापर्यंत ओझोन रेणू मोडतो. ३०० कोटी टन ओझोनला त्या मानाने थोडकाच वायू कसा पुरून उरतो, याचं उत्तर इथे आहे.

क्लोरीन बाजूला पडतो म्हणजे काय, तर मिथेनकडून हायड्रोजन घेऊन हायड्रोजन क्लोराइड बनतो, किंवा मोनॉक्साइडच्या रूपात नायट्रोजन डायऑक्साइडशी जोडला जाऊन क्लोरीन नायट्रेट बनतो. ही दोन्ही संयुगं ओझोनला हात लावत नाहीत. सामान्य परिस्थितीत स्थितांबरातला बहुतेक क्लोरीन असाच अडकून असतो. क्रुट्झन, मोलिना आणि रोलंड या तिघांना १९९५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

## जड वायू एवढ्या उंचीवर जातोच कसा?

हा आक्षेप वर्षानुवर्षं घेतला जातो, आणि वरवर पटण्यासारखा आहे. सीएफसी-१२ चा रेणू हवेच्या सरासरी रेणूपेक्षा चौपट जड. बंद खोलीत गळती झाली तर तो सुरुवातीला खाली साचतोही. पण मोकळ्या वातावरणात वारे आणि खळबळ सगळे वायू सतत ढवळतात; साधारण १०० किलोमीटरपर्यंत वजनानुसार थर लागतच नाहीत. वादाचीही गरज नाही, कारण बलून आणि विमानांनी स्थितांबरातलं सीएफसी मोजलेलं आहे.

दुसरा आक्षेप: क्लोरीन तर समुद्राच्या मिठातही आहे, ज्वालामुखीतही निघतो. खरंय. पण मीठ आणि ज्वालामुखीतला हायड्रोजन क्लोराइड पाण्यात विरघळतात, पावसाबरोबर खाली येतात. वर पोचतो तो थोडका. शिवाय स्थितांबरात क्लोरीनसोबत हायड्रोजन फ्लोराइडही वाढत गेलेलं आढळलं, आणि समुद्राच्या मिठातून एवढा फ्लोरीन येत नाही. १९९१ च्या पिनाटुबो उद्रेकानंतर ओझोन घटला, पण तो ज्वालामुखीच्या क्लोरीनमुळे नाही. उद्रेकातल्या गंधकाच्या सूक्ष्म कणांनी माणसाने सोडलेल्या क्लोरीनला काम करायला पृष्ठभाग पुरवला म्हणून.

## अंटार्क्टिकावर कोण एसी लावतं?

कुणीच नाही. पण सीएफसी कुठेही सुटलं तरी दोनेक वर्षांत जगभर मिसळतं. नाशकातली गळती आणि टोकियोतली गळती तिथे सारखीच पोचते. भोक तिथेच पडतं कारण लागणाऱ्या तीन गोष्टी तिथे एकत्र येतात: कोंडलेली हवा, कडाक्याची थंडी आणि नंतर उजाडणारं ऊन.

ध्रुवीय हिवाळ्यात महिनोन्महिने रात्र असते. वरचे वारे ध्रुवाभोवती गोल फिरून आतली हवा बाहेरच्या हवेपासून तोडून टाकतात. आत तापमान उणे ७८ अंशांच्या खाली गेलं की एरवी कोरड्या स्थितांबरातही नायट्रिक आम्ल आणि पाण्याचे पातळ ढग तयार होतात. या ढगांच्या कणांवर ते दोन निरुपद्रवी साठे, हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट, एकमेकांशी अभिक्रिया करतात आणि क्लोरीन वायू सुटतो. नायट्रिक आम्ल कणातच राहतं, त्यामुळे क्लोरीनला पुन्हा बांधून ठेवणारा नायट्रोजनही उरत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात सूर्य परत उगवू लागला की क्लोरीन वायू फुटतो आणि अणू कामाला लागतात. तिथे सुटे ऑक्सिजन अणू कमी, म्हणून दोन क्लोरीन मोनॉक्साइड एकमेकांना जोडून दुसऱ्याच चक्राने काम भागवतात. काही आठवड्यांत १४ ते २० किलोमीटर उंचीवरचा ओझोन जवळपास साफ होतो.

हे १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी अंटार्क्टिकातल्या हॅली केंद्रावरच्या मोजणीतून जगापुढे आणलं. ढगांच्या पृष्ठभागाचं स्पष्टीकरण सुझन सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडलं. आपलं हवामान खातंही अंटार्क्टिकातल्या मैत्री केंद्रावरून ओझोन मोजणारे बलून सोडत आलं आहे.

चौकस वाचक इथे अडवेल. नाशिकच्या वरही १७ किलोमीटरवर उणे ८० च्या आसपास थंडी असते, मग भोक इथे का नाही? कारण ती हवा नुकतीच खालून वर आलेली असते. तिच्यातलं सीएफसी अजून अखंड असतं, मोकळा करायला क्लोरीनच नसतो. ध्रुवावर खाली उतरणारी हवा मात्र काही वर्षं उंचावर फिरून आलेली असते. तिच्यातलं सीएफसी बरंचसं फुटलेलं असतं.

## सिलिंडरवरचा नंबर वाचायला शिका

१६ सप्टेंबर १९८७ ला, ओझोन मोडणारे वायू टप्प्याटप्प्याने बंद करण्यासाठी, माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये आला. आपल्याकडे सीएफसीचं उत्पादन, दम्याच्या पंपासाठी तेव्हा ठेवलेला अपवाद सोडून, १ ऑगस्ट २००८ पासून बंद आहे. मग आला एचसीएफसी गट, म्हणजे क्लोरीनसोबत हायड्रोजनही असलेले गॅस, त्यातला प्रसिद्ध तो आर-२२, आणि नंतर एचएफसी, ज्यांत क्लोरीनच नाही.

कोणत्या गॅसमध्ये क्लोरीन आहे हे ओळखायला कंपनीच्या "इको-फ्रेंडली" स्टिकरवर विसंबू नका. नंबरच सांगतो. नंबरात ९० मिळवा. उत्तरातला पहिला आकडा कार्बन, दुसरा हायड्रोजन, तिसरा फ्लोरीन. कार्बन एक असेल तर त्याला चार जागा असतात, दोन असतील तर सहा, तीन असतील तर आठ. हायड्रोजन आणि फ्लोरीन बसवून जेवढ्या जागा उरल्या, तेवढे क्लोरीन.

आर-१२: बेरीज १०२. कार्बन एक, हायड्रोजन शून्य, फ्लोरीन दोन. उरल्या दोन जागा, दोन क्लोरीन. आर-२२: ११२, म्हणजे एक क्लोरीन. आर-३२: १२२, चारही जागा भरल्या, क्लोरीन शून्य. आर-१३४ए: २२४, दोन कार्बनच्या सहा जागा दोन हायड्रोजन आणि चार फ्लोरीननी भरल्या, इथेही शून्य. आर-२९०: ३८०, तीन कार्बन आणि आठ हायड्रोजन. हा चक्क प्रोपेन, गॅसच्या टाकीतला. ४०० आणि ५०० च्या मालिकेत मिश्रणं आहेत, तिथे ही युक्ती चालत नाही. पण आर-४१०ए हे आर-३२ आणि आर-१२५ यांचं निम्मं-निम्मं मिश्रण, आणि आर-१२५ ची बेरीज २१५ येते. करून पाहा, क्लोरीन नाही.

क्लोरीन असला तरी सगळे सारखे दोषी नाहीत. सीएफसी-११ ला १ धरून बाकीच्यांची ओझोन मोडण्याची ताकद मोजतात. आर-१२ साधारण १, आर-२२ फक्त ०.०५५. आर-२२ मध्ये असलेला एक हायड्रोजन इथे कामी येतो. त्या बंधावर खालच्या हवेतच हल्ला होतो आणि बहुतेक गॅस बाराएक वर्षांत, वर पोचायच्या आधी, मोडतो.

आता दुसरी बाजू. क्लोरीन नाही म्हणजे सगळं ठीक, असं नाही. हे गॅस उष्णता धरून ठेवतात, आणि हा मुद्दा ओझोनपासून वेगळा आहे. एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत एक किलो आर-२२ सुमारे १,८१० पट, आर-४१०ए २,०८८ पट, आर-३२ ६७५ पट, तर प्रोपेन जेमतेम ३ पट. म्हणजे आर-२२ सोडून आर-४१०ए घेतला तेव्हा ओझोन वाचला, तापमानवाढीचं पाप तेवढंच राहिलं. म्हणून २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीला माँट्रियल करारात दुरुस्ती झाली. तिच्यानुसार भारत एचएफसी २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करेल, २०४७ पर्यंत ८५ टक्के.

## एसीत दरवर्षी गॅस भरावा लागतो?

नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कॉम्प्रेसर, कॉइल आणि नळ्या ही बंद यंत्रणा आहे. गॅस कमी झाला म्हणजे गळती आहे, आणि दरवर्षी "टॉप-अप" करणारा माणूस तुमच्याकडून गळतीचंच भाडं घेतो.

गळतीच्या जागा ठरलेल्या आहेत: इनडोअर-आउटडोअरच्या फ्लेअर नटांवर (नळ्या जोडणारे नट), सर्व्हिस पोर्टच्या पिन वॉल्व्हमध्ये, कंपनाने नळी नळीवर घासते तिथे, आणि कूलिंग कॉइलमध्ये. तेलकट डाग दिसला तर बहुधा तीच जागा. शोधायची रीत अशी: उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा, सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नाही. मग कोरडा नायट्रोजन भरून दाब धरायचा, आर-२२ च्या मशिनला साधारण २५० ते ३०० पीएसआय (दाबाचं एकक), आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही नाही. कॉम्प्रेसरच्या तेलाशी त्याचा स्फोट होतो. गळती दुरुस्त झाली की व्हॅक्युम पंपाने ५०० मायक्रॉनपर्यंत (इथे हे व्हॅक्युम मोजायचं एकक) हवा ओढायची, पंप बंद करून काटा पंधरा-वीस मिनिटं स्थिर राहतो का पाहायचं. आत ओल राहिली तर ती तेल आणि गॅससोबत आम्ल बनवते, कॉम्प्रेसरची वाइंडिंग जळते. शेवटी प्लेटवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस, काट्यावर तोलून.

प्रत्यक्षात वेळ वाचवायला पंप आणलाच जात नाही. एका बाजूने थोडा गॅस सोडून त्याच्या जोरावर नळीतली हवा बाहेर ढकलतात. त्यात गॅस वाया जातो आणि ओल आतच राहते. पूर्वी नळ्या धुवायला आर-१४१बी वापरायचे. त्यात दोन क्लोरीन आहेत, आणि २०२० पासून देशात तो बंद आहे.

दुकान किंवा घर बदलताना एसी हलवायचा असेल तर "पंप डाउन" करायला सांगा. मशीन चालू ठेवून बारीक नळीचा वॉल्व्ह बंद करतात, सगळा गॅस आउटडोअरमध्ये गोळा होतो, दाब शून्याजवळ आला की जाड नळीचा वॉल्व्ह बंद करून मशीन लगेच थांबवतात. दहा मिनिटांचं काम. न केल्यास दीड टनी मशिनमधला एक-सव्वा किलो गॅस हवेत. १.२ किलो आर-२२ म्हणजे ओझोनच्या हिशेबात ६६ ग्रॅम सीएफसी-११, आणि तापमानवाढीच्या हिशेबात जवळपास २.२ टन कार्बन डायऑक्साइड.

जुना आर-२२ चा एसी आत्ताच फेकावा का? गळत नसेल तर नको. नव्या मशिनच्या उत्पादनात एचसीएफसी १ जानेवारी २०२५ पासून बंद आहे; २०३० नंतरही जुन्या मशिनच्या दुरुस्तीपुरता थोडा कोटा करारात २०४० पर्यंत राखलेला आहे. मात्र त्यात आर-३२ किंवा आर-४१०ए भरून घेऊ नका. त्यांचा दाब आर-२२ च्या सुमारे दीडपटीहून जास्त, तेलही वेगळं लागतं. प्रोपेन भरून देतो म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. त्या मशिनचे विजेचे भाग ज्वालाग्राही गॅससाठी बनवलेले नसतात.

आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा फ्रीज भंगारात देताना नळी कापू देऊ नका. त्यात आर-१२ असू शकतो, आणि भिंतींच्या फोममध्ये सीएफसी-११.

## कोल्ड स्टोअरेज आणि लासलगाव

मोठ्या शीतगृहांत बहुधा अमोनिया असतो. ओझोनला शून्य हानी, तापमानवाढही शून्य. विषारी असल्याने प्रशिक्षित माणूस आणि गळतीचा अलार्म मात्र हवाच. द्राक्षाच्या प्री-कूलिंगच्या, म्हणजे काढणीनंतर माल लगेच गार करण्याच्या, खोल्यांत "फ्रीऑन" म्हणतात तेव्हा नंबर विचारा; ते अशा अनेक गॅसचं व्यापारी नाव आहे. आर-४०४ए असेल तर त्याची तापमानवाढीची ताकद ३,९०० पटींच्या वर आहे.

निर्यातीतला दुसरा गॅस मिथाइल ब्रोमाइड, कीड मारण्याच्या धुरीचा. ब्रोमीन हा क्लोरीनपेक्षा ओझोन मोडण्यात अणूमागे सुमारे साठपट तरबेज. शेतातला वापर करारानुसार संपवला गेला, पण मालाच्या क्वारंटाइनसाठी सूट आहे. पर्याय म्हणजे गॅमा किरणांची मात्रा, आणि त्याचं केंद्र जिल्ह्यातच आहे: लासलगावचं भाभा अणुसंशोधन केंद्राचं "कृषक", २००२ पासून. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून ते सुरू झालं. २००७ मध्ये अमेरिकेला आंबा गेला तो इथून किरणं देऊन.

## खालचा ओझोन वर का सोडत नाहीत?

कारण तो टिकत नाही. जमिनीवरचा ओझोन काही दिवसांत, फार तर आठवड्यांत मोडतो, आणि वर जी घट आहे ती भरायला कोट्यवधी टन लागतील. उलट खालचा ओझोन हा प्रदूषक आहे. वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड उन्हात फुटतो, सुटलेला अणू ऑक्सिजनला चिकटतो. देशाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम. गंमत अशी की रहदारीच्या चौकात तो कमी भरतो, कारण ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड त्याला खातो. वाऱ्याच्या दिशेला, गावाबाहेरच्या शिवारात तो जास्त असू शकतो.

द्राक्षावर याचा परिणाम कॅलिफोर्नियात १९५८ मध्येच नोंदला गेला. जुन्या पानांच्या वरच्या बाजूला, शिरांच्या मधल्या जागेत तपकिरी-जांभळे बारीक ठिपके येतात, शिरा हिरव्याच राहतात. डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा डाग तेलकट असतो आणि खालून पांढरी बुरशी दिसते. इथे खालची बाजू स्वच्छ. त्यावर बुरशीनाशक फवारून काही उपयोग नाही. नुसत्या ठिपक्यांवरून निदान मात्र करू नका, कोळी कीड आणि अन्नद्रव्यांची कमतरताही असंच सोंग घेतात.

घरात ओझोन सोडणारे "शुद्धीकरण" यंत्रही याच कारणाने नको. जो वायू कीटाणू मारतो, तोच फुप्फुसाच्या आतल्या अस्तरालाही जाळतो.

## भोक भरतंय का, आणि आता काय उरलंय?

भरतंय, सावकाश. २०२२ च्या शास्त्रीय आढाव्यानुसार ओझोन मोठी घट होण्याआधीच्या, १९८० च्या पातळीला जगाच्या बहुतेक भागात २०४० च्या सुमारास येईल, उत्तर ध्रुवावर २०४५, अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास. एखाद्या वर्षी भोक मोठं दिसलं म्हणजे करार फसला असं नाही. त्या वर्षीची थंडी आणि वारे आकार ठरवतात. २०१९ चं भोक लहान होतं, २०२३ चं मोठं. चोरी झालीच तर पकडलीही जाते: २०१८ मध्ये सीएफसी-११ अपेक्षेइतकं घटत नसल्याचं हवेच्या नमुन्यांतून दिसलं, माग पूर्व चीनपर्यंत लागला आणि पुढे ते उत्सर्जन खाली आलं.

क्लोरीन कमी होत असताना राहतो तो नायट्रस ऑक्साइड. आज सोडल्या जाणाऱ्या ओझोननाशक वायूंत तो पहिल्या क्रमांकावर आहे आणि शंभर वर्षांहून जास्त टिकतो. युरियातला नत्र मातीतले जीवाणू बदलतात तेव्हा साधारण १ टक्का नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन निघतो. हेक्टरभर कांद्याला १०० किलो नत्र दिला तर एक किलो नत्र असा निघतो, म्हणजे त्यातल्या ऑक्सिजनचं वजन धरून दीड किलोच्या वर नायट्रस ऑक्साइड. त्याची ओझोन मोडण्याची ताकद ०.०१७, म्हणजे एका हंगामात सुमारे २७ ग्रॅम सीएफसी-११ इतकी हानी. एसीच्या एका पूर्ण गळतीपेक्षा निम्म्याहून कमी, पण एसी एकदाच गळतो आणि शेत दर हंगामाला पिकतं. नत्र एकदम न देता हप्त्यांनी देणं, साचलेल्या पाण्यात न टाकणं, ठिबकमधून सोडणं, यांनी ते घटतं. २०१५ पासून युरिया कडुनिंबाच्या आवरणाचाच मिळतो, त्यानेही बदलाचा वेग मंदावतो. नायट्रस ऑक्साइड माँट्रियल कराराच्या यादीत नाही. आर-२२ च्या जागी दुसरा गॅस भरता आला. पिकाला नत्राच्या जागी दुसरं काही देता येत नाही.